साडेपाच नंबरचा जोड

नॉर्थॅम्प्टनमध्ये चामड्याचा नसलेला जोडा मागणं म्हणजे
हलवायाच्या दारात उभं राहून
बिनसाखरेचं काही आहे का विचारणं.
अख्खं शहर जोड्यांवर उभं राहिलेलं.
इथला फुटबॉल संघसुद्धा स्वतःला मोची म्हणवतो,
गळ्यात मफलर, छाती फुगवून.
आमच्याकडे हा शब्द
कुणी छाती फुगवून उच्चारलेला मी ऐकला नव्हता.

केअर होमची अट: काळे, बंद, न घसरणारे.
माझी अट: कातडं नको.
पगाराची अट सांगायला नको.
तीन शनिवार जोडे झिजवले, जोड्यांसाठी.

लेटन नावाचा पोरगा, कानात निळा खडा,
तळावरचं स्टिकर मला समजावू लागला:
जाळी म्हणजे कापड, तिरका चौकोन म्हणजे इतर काही,
आणि हा आकार म्हणजे…
तो मला ठाऊक होता.
चार पाय फाकवून भिंतीला ठोकलेला.
कापशीला, आमच्या मागल्या भिंतीवर,
तो रोज वाळायचा.

एकदा त्याच्या कानाला चीर होती.
ओळखली मी. शिरपातात्याची चंद्री.
तिच्या पाठीवर बसून मी ओढा ओलांडलेला.
"मेलेलीच हुती गं," आप्पा म्हणाले, "आजारानं."
खरंच होतं ते.
तरी वर्षभर मी शाळेत अनवाणी गेले,
आणि बाई हसून म्हणाल्या,
तुमच्या घरी गं कसला जोड्यांचा दुष्काळ?

लेटननं मनापासून शोधलं.
एक निघाला सफरचंदाच्या सालीचा,
एकशेपंचेचाळीस पौंड.
एक अठराचा, तिरक्या चौकोनाचा.
ह्याचा डिंक कशाचा? हाडांचा तर नाही?
त्यानं कंपनीला फोन लावला,
सहा मिनिटं संगीत ऐकलं, मान हलवली.
आणि चिकटवला कुणी, कुठं, किती रोजावर,
हे विचारायला तर नंबरच नव्हता.

धर्मादाय दुकानात चार पौंडांना अस्सल चामडं.
मेलेलंच आहे गं, माझ्याच तोंडून आप्पा म्हणाले.
नाकाजवळ नेला.
हिरडा नाही, बाभळीची साल नाही,
कुणाच्या तरी बंद कपाटाचा वास.
ठेवून दिला. का, ते नीट सांगता येणार नाही.

शेवटी अठरावालाच घेतला.
प्लास्टिक आहे, माझ्यामागं शे-दोनशे वर्षं
कुठल्यातरी खड्ड्यात पडून राहील.
माहीत असून घेतला.
अकराव्या दिवशी डाव्याचा तळ उघडला,
जांभई दिल्यासारखा.

रात्री आप्पांना व्हिडिओवर दाखवला.
चिडतील वाटलं.
पिढ्यांचं पोट ज्यावर, तेच लेकीला नको.
फीचे पैसे हातात पडले की मी म्हणायचे त्यांना,
माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घातले
तरी फिटायचं नाही.
त्यांनी चष्मा पुसला. स्क्रीनजवळ आले.
"दमच न्हाई ह्यात. खालनं घे. दुहेरी दोरा.
आरी हाय न्हवं?"
होती. आईची, वेणी घालायची,
बॅगेच्या अस्तरातून इतक्या लांब आलेली.
जरा वेळानं, मान वर न करता:
"आन् तुझ्या कातड्याचं ऱ्हाऊ दे.
साडेपाच नंबरात माझा पाय कुठं बसतुया."

सकाळी डॉरीनच्या पायांना मलम लावत होते.
चौतीस वर्षं कारखान्यात जोड्यांचे वरचे भाग शिवले तिनं,
आता लेकाचं नाव आठवत नाही.
खाली वाकून माझ्या जोड्यावर तिनं अंगठा फिरवला.
नाक मुरडलं.
"हे चामडं नव्हे."
नव्हे, म्हटलं.
अंगठा पुढं सरकला, टाक्यांवर आला,
मोजत गेला, पाच, सहा, सात,
अडखळला, परत मागं फिरला.
"शिलाई कुणाची?"